पायथनला हवं नवऱ्याचं नाव

‘अतिशेष’ हा शब्द शुद्ध संस्कृत आहे, आणि त्या सगळ्या प्रकरणात मला समाधान वाटावं असं तेवढंच होतं. शाळेत मुलांच्या मानाने मास्तर जास्त झाले, की उरलेल्या मास्तराला आमचं खातं अतिशेष म्हणतं. पंगत उठल्यावर परातीत भात उरतो ना, तसा. फरक इतकाच, की उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊन तो घरातच संपवतात. उरलेल्या मास्तराला राज्याच्या पार टोकाला, अलीराजपूरला पाठवतात.

मी भालचंद्र पोतनीस, भोपाळच्या एका सरकारी शाळेत संस्कृत शिकवतो. यंदा माझ्या वर्गात मुलं इतकी कमी झाली, की हजेरीला नावं पुकारायची गरज उरली नाही. एकदा मान वर करून पाहिलं की काम होत होतं. एक दिवस प्राचार्यांनी मला बोलावून स्वतः चहा पाजला. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. बशी खाली ठेवत ते म्हणाले, “पोतनीस जी, आपका नाम अतिशेष में जा रहा है.” मग माझा चेहरा पाहून त्यांनाच दया आली असावी. शाळेला आठवीसाठी कोडिंगचा शिक्षक हवा होता आणि त्याचं प्रशिक्षण लवकरच सुरू होणार होतं. शेवटच्या दिवशी गटाने मिळून सगळ्या वर्गापुढे प्रेझेंटेशन द्यायचं. जो पास होईल तो कोडिंगचा मास्तर, आणि कोडिंगचा मास्तर भोपाळातच राहतो.

अलीराजपूरबद्दल माझी काही तक्रार नाही. तिथले आंबे नावाजलेले आहेत असं ऐकून आहे. पण सुनंदा, म्हणजे आमची ही, भोपाळच्या बँकेत नोकरीला आहे. तिला हलता येणार नाही. आणि मला सुनंदाशिवाय राहायचं नव्हतं. लग्न होऊन केस पिकलेल्या माणसाने ही गोष्ट चारचौघांत सांगू नये, पण आहे ते आहे. तिला ही बातमी दिली तेव्हा ती मटार सोलत होती. “मग काय झालं? लोक दुबईला जातात,” असं म्हणून तिने पुढची शेंग घेतली. हे मला फार लागलं. किमान ती शेंग तरी तिने हातातून खाली ठेवायची होती.

म्हणून मी या वयात पायथन शिकायला गेलो. ही एक स्क्रिप्टिंग भाषा आहे. म्हणजे आपण एकेक ओळ लिहीत जायचं आणि संगणकाने ती वाचून लागलीच तसं वागायचं. का, कशाला हे विचारायचं नाही. घरी मी ज्या भाषेच्या अमलाखाली राहतो ती याच जातीची असल्यामुळे मला तत्त्व समजायला वेळ लागला नाही. व्यवहार मात्र अवघड गेला. पायथन फार सोवळ्यातली भाषा आहे. ओळीच्या आधी एक जागा कमी-जास्त सुटली, की तिला विटाळ होतो आणि ती लाल अक्षरांत ओरडते. आमच्या प्रशिक्षक मेघा मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या माझ्या खुर्चीमागे येऊन “सर, स्पेस... सर, फिर स्पेस...” असं इतक्या हळुवार आवाजात म्हणत, की त्यापेक्षा छडी परवडली असती.

गट त्यांनीच पाडले. माझ्या गटात दोघं होती. एक जितेंद्र रघुवंशी, खेळाचे शिक्षक. त्यांच्या शाळेच्या मैदानावर नवी इमारत झाली, त्यामुळे खेळ आणि रघुवंशी दोन्ही अतिशेष. गळ्यातली शिट्टी ते प्रशिक्षणातही काढत नसत. दुसऱ्या कमलताई वऱ्हाडपांडे, गृहविज्ञानाच्या. त्यांच्या आजेसासऱ्यांचं ऑफिस नागपूरहून राजधानीबरोबर भोपाळला आलं, तेव्हापासून हे घराणं इथे आहे, पण बोलणं अजून नागपूरच्या महाल वस्तीतलंच. त्यांची नोकरी सुरक्षित होती. शाळेने प्रशिक्षणासाठी नाव पाठवायच्या दिवशी त्या रजेवर होत्या, एवढाच त्यांचा अपराध.

मेघा मॅडमनी अट घातली होती, की प्रत्येक गटाने पायथनची माहिती सांगायची आणि आपल्या परिसरातला एक प्रोग्राम सगळ्यांसमोर चालवून दाखवायचा. रघुवंशींनी कबड्डीचे गुण मोजण्याचा प्रोग्राम सुचवला. कमलताई म्हणाल्या, “ते काय बाप्पा, बोटांवरही मोजता येतं. उखाण्याचा करा नं. आमच्याकडे हळदीकुंकवाला नव्या सुना अशा गप्प उभ्या राहतात, जसं काही परीक्षेला बसल्या. कॉम्प्युटरनं उखाणा दिला तर केवढी सोय!”

“ये उखाना होता क्या है?” रघुवंशींनी विचारलं.

मी समजावून सांगितलं, की आमच्यात बायको नवऱ्याचं नाव असंच घेत नाही, यमकात गुंफून घेते. रघुवंशींनी थोडा विचार केला. “मतलब नाम लेने के लिए पूरी कविता करनी पड़ती है? तो राशन की दुकान पे क्या करते हैं?” हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून आम्ही प्रोग्राम उखाण्याचाच ठरवला.

इथवर सगळं ठीक होतं. पण आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर सदाशिवराव गर्गे राहतात, आणि एखादं काम ठीक चाललंय हे त्यांना फार काळ पाहवत नाही. ते सचिवालयात राजशिष्टाचार शाखेतून निवृत्त झाले. कोणाला कोणत्या रांगेत बसवायचं, हार आधी कोणाला, यात त्यांची हयात गेली. अजूनही ते रोज सकाळी फिरायला म्हणून चार इमली वस्तीत जातात आणि अधिकाऱ्यांच्या बंगल्यांवरच्या पाट्या वाचून परततात. कोणती पाटी उतरली, कोणती चढली, हे त्यांना वर्तमानपत्राच्या आधी कळतं.

माझं प्रेझेंटेशन त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. पहिल्या पानावर रघुवंशींनी मोठ्या हौसेने पायथनचं, म्हणजे अजगराचं, चित्र लावलं होतं.

“प्रमुख पाहुणे कोण आहेत?” सदाशिवरावांनी विचारलं.

“आयुक्त येणार म्हणतात.”

“आणि आयुक्तांसमोर पहिल्याच पानावर साप?” त्यांनी चष्मा काढला. “पोतनीस, नोकरी ठेवायची आहे ना तुम्हाला?”

अजगर गेला आणि गणपती आला. गणपतीखाली पाहुण्यांचं नाव हवं, आणि तेही ‘आदरणीय श्री’ ते ‘जी’ पर्यंत अखंड हवं, असा दंडक त्यांनी घालून दिला. नुसतं ‘श्री’ म्हणजे अवमान आणि नुसतं ‘जी’ म्हणजे सलगी. मी मान्य केलं. दोन दिवसांनी ते सकाळी सकाळी दारात उभे. “आयुक्तांची पाटी उतरली. तुमचे पाहुणे बदलणार.” बदललेच. अपर संचालक ठरले. मी नाव खोडून नवं घातलं. मग अपर संचालकांना कुठलीशी बैठक निघाली आणि संयुक्त संचालक येणार असं कळलं. पण तेही नक्की नव्हतं, कारण संयुक्त संचालक दोन होते आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं.

अशा वेळी सामान्य माणूस वैतागला असता. मी मात्र प्रोग्रामर झालो होतो. मी म्हटलं, नाव आधीपासून छापूनच कशाला ठेवायचं? प्रोग्रामनेच सुरुवातीला विचारावं, ‘पाहुण्यांचं नाव?’ आपण आयत्या वेळी टाइप करावं, की पडद्यावर गणपतीखाली स्वागत झळकेल. कोणाचीही बदली होवो, आमचं स्वागत तयार! ही कल्पना सुचली तेव्हा मला स्वतःबद्दल जो आदर वाटला, तसा पुन्हा वाटेल असं वाटत नाही.

त्याचं असं आहे, की पायथनमध्ये कोणतीही गोष्ट लक्षात ठेवायची तर तिच्यासाठी एक डबा करावा लागतो. स्वयंपाकघरात असतो तसाच समजा. डब्याला नाव द्यायचं आणि आत वस्तू ठेवायची. मी संस्कृतचा माणूस, मी डब्याला देवनागरीत नाव दिलं: ‘नाव’. मेघा मॅडमसुद्धा चकित झाल्या. बाकी सगळा वर्ग इंग्रजी डबे वापरत होता. स्वागताच्या प्रोग्रामात पाहुण्यांचं नाव ‘नाव’ या डब्यात जाई, आणि उखाण्याच्या प्रोग्रामात नवऱ्याचं नाव ‘नाव’ या डब्यात जाई. दोन निरनिराळे प्रोग्राम होते, त्यामुळे काही अडचण नव्हती.

मग रघुवंशी म्हणाले, “सर, बीच में एक बंद करके दूसरा खोलेंगे तो लय टूट जाएगी. दोनों को जोड़ दो ना.” खेळाच्या शिक्षकाला लयीचं महत्त्व जास्त. मी जोडले.

दरम्यान आमची मुलगी शर्वरी बंगळुरूहून फोनवर म्हणाली, “बाबा, एवढं काय करताय? एआयला सांगा, पाच मिनिटांत करून देईल.” मी अभिमानाने नकार दिला. नंतर सुनंदा बँकेत गेल्यावर गुपचूप सांगूनही पाहिलं. त्याने उखाण्याच्या नावाखाली जे काही दिलं, त्यात नवऱ्याची तुलना इंटरनेटच्या वेगाशी केली होती. कोणत्याही हळदीकुंकवात ते चाललं नसतं. मी तो विषय कोणाजवळ काढला नाही.

आता रंगीत तालीम. ती प्रशिक्षण केंद्रात होणार होती, कारण प्रोजेक्टर तिथे होता. प्रोजेक्टर कपाटात होता. कपाटाला कुलूप होतं. किल्ली भांडारप्रमुखांकडे होती, आणि भांडारप्रमुखांना मतदार यादीच्या कामावर लावलं होतं. रघुवंशी स्कूटर घेऊन त्यांना शोधायला गेले. अशोका गार्डनची सगळी वस्ती पालथी घातल्यावर एका गल्लीत ते घराघरांत विचारपूस करत असताना सापडले. ते म्हणाले, किल्ली देतो, पण कपाट उघडायला आदेश लागेल. आदेश प्राचार्य देतील, आणि केंद्राचे प्राचार्यही मतदार यादीवरच आहेत. रघुवंशींचा स्वतःचा पत्ता मात्र त्यांनी तिथल्या तिथे तपासून दुरुस्त करून दिला.

म्हणून आम्ही तालीम कमलताईंच्या घरी केली. गोविंदपुऱ्यात त्यांचं घर आहे, तिथे टीव्हीला लॅपटॉप जोडला. त्यांचे यजमान गोविंदराव तिथल्याच एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेले, अतिशय उत्साही गृहस्थ. पायथनमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण आपल्या नावाचा उखाणा टीव्हीवर येणार हे कळलं होतं, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

आधी उखाण्याचा भाग पाहिला. पडद्यावर प्रश्न आला: ‘नवऱ्याचं नाव?’

कमलताई कीबोर्डासमोर बसल्या होत्या. त्यांनी हात मांडीवर घेतले.

“टाइप करा ना ताई,” मी म्हटलं.

“मी कशी करू? मी घेत नाही त्यांचं नाव.”

“उखाण्यात तर घेता.”

“उखाण्यात घेतेच नं! पण उखाणा कुठं झाला अजून? आधी नाव आणि मग उखाणा, हे तर उलटंच करून राहिला तुमचा कॉम्प्युटर.”

मी म्हटलं, “ताई, घ्यायचं नाहीये, नुसतं लिहायचंय.”

“घेणं काय आणि लिहिणं काय! आमच्या सासूबाईंनी रेशन कार्डावर सुद्धा दुसऱ्याकडून लिहून घेतलं होतं.” अशा रीतीने रघुवंशींच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

त्यांनी काहीही न लिहिता एंटरचं बटण दाबलं, तेव्हा पडद्यावर नुसत्याच ‘रावांचं नाव घेते’ असा उखाणा आला. गोविंदरावांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, थांबा. मी डोकं खाजवलं, जेवणानंतर थोडा पडलो आणि मग एक ओळ घातली. नवऱ्याचं नाव रिकामं सोडलं, तर भांडू नको. डब्यात आधीपासून असेल ते नाव घे. एका ओळीत रिवाजही राखला आणि यंत्रही राखलं. विद्वत्ता ती हीच, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

मग सुरुवातीपासून सगळं एकत्र चालवायचं ठरलं. प्रोग्रामने विचारलं, ‘पाहुण्यांचं नाव?’ पाहुणे अजून ठरलेच नव्हते. कमलताई म्हणाल्या, “यांनाच बसवा नं पाहुणे म्हणून.” गोविंदराव सोफ्यावर ऐटीत बसले, रघुवंशींनी त्यांच्या हातात कुंडीतलं फूल दिलं, आणि मी टाइप केलं: गोविंद. गणपतीखाली स्वागत झळकलं. पुढे प्रश्न आला: ‘नवऱ्याचं नाव?’ कमलताईंनी नुसतं बटण दाबलं. आणि उखाणा आला, भोपाळचं बडं तळं आणि त्यावरचं भदभदा धरण गुंफलेला, अगदी बिनचूक, गोविंदरावांच्या नावाचा!

आम्ही टाळ्या वाजवल्या. रघुवंशींनी शिट्टी फुंकली. गोविंदरावांनी मला मिठी मारली आणि प्रेझेंटेशनला आपणही येणार, व्हिडिओ काढणार असं जाहीर केलं. माझी ओळ चालली, असं मी समजत होतो. ती चालली होतीच म्हणा. डब्यात जे होतं तेच तिने काढून दिलं होतं. त्या डब्यात गोविंदराव नवरा म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून शिरले होते, हा बारकावा माझ्याही लक्षात आला नाही आणि त्यांच्याही.

प्रेझेंटेशनच्या दिवशी मी पहाटेच उठलो. सुनंदाने कपाळाला गंध लावून दिलं आणि “नीट बोला” इतकंच म्हणाली. किल्ली आली होती, कपाट उघडलं होतं, प्रोजेक्टर चालत होता. पाहुणे ठरले: संयुक्त संचालक हेमंत चतुर्वेदी. हे दोघांपैकी कडक ते. त्यांच्याबद्दल असं बोललं जाई, की ते हसले ते शेवटचं मागच्या सरकारात. हॉल प्रदेशभरच्या मास्तरांनी भरला होता. इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैनकडची बरीच मराठी मंडळी होती. मागच्या रांगेत गोविंदराव डबा मांडीवर ठेवून, मोबाइल उंच धरून बसले होते. त्यांनी नुसता व्हिडिओ न काढता नागपूरला बहिणीकडे व्हिडिओ कॉलच लावला होता, हे आम्हाला नंतर कळलं. तिकडे बहिणीच्या घरी सगळं वऱ्हाड जमलं होतं.

मी लॅपटॉपवर सदाशिवरावांच्या दंडकाप्रमाणे अखंड नाव टाइप केलं: आदरणीय श्री हेमंत चतुर्वेदी जी. पडद्यावर गणपती आला, खाली नाव झळकलं. चतुर्वेदी साहेबांनी मान किंचित हलवली. मेघा मॅडमनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी पायथनची माहिती दिली, सोवळ्याचं सांगितलं, लोक हसले. मला वाटलं, अलीराजपूर टळलं.

मग कमलताई पुढे आल्या. पैठणी नेसून आल्या होत्या. पडद्यावर प्रश्न आला. त्यांनी सराईतासारखं, पाहुण्यांकडे हसून पाहत, नुसतं बटण दाबलं. आणि पडद्याकडे वळून, हळदीकुंकवाच्या खणखणीत आवाजात, मध्ये कुठेही न थांबता वाचलं:

“बड्या तळ्याला पाणी आलं, उघडली भदभद्याची दारे, आदरणीय श्री हेमंत चतुर्वेदी जीरावांचं नाव घेते, ऐका मंडळी सारे!”

शेवटच्या ‘सारे’नंतर त्यांना कळलं त्यांनी काय वाचलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरू शकत नाही. हॉलमध्ये आधी इंदूरची रांग हसली. मग ग्वाल्हेर. मग हिंदी मंडळी शेजाऱ्यांना “क्या हुआ, क्या हुआ” विचारू लागली, आणि अर्थ रांगेरांगेने पुढे सरकत सरकत पहिल्या रांगेपर्यंत आला. फक्त चतुर्वेदी साहेबांच्या शेजारी बसलेल्यांना तो अर्थ पुढे द्यायची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात मागून, गोविंदरावांच्या मोबाइलमधून, बाईचा ठणठणीत आवाज आला: “गोविंदा, हा हेमंत कोण रे?”

साहेब मागे वळले नाहीत. ते माझ्याकडे पाहत होते. “कविता अच्छी है,” ते म्हणाले. “इसमें हमारा नाम भी है. इसका अर्थ बताइए.”

खोटं सांगावं असं मनात आलं. ही स्वागतगीताची मराठी पद्धत आहे, असं म्हटलं असतं तर कदाचित खपूनही गेलं असतं. पण हॉलभर मास्तर बसले होते आणि मी मास्तर होतो, आणि चूक का झाली हे मला त्याच क्षणी लख्ख दिसलं होतं. समजलेली गोष्ट समोर वर्ग असताना न सांगणं मला कधी जमलेलं नाही. मी तडक मागच्या रांगेपर्यंत गेलो आणि गोविंदरावांच्या मांडीवरचा डबा उचलून आणला.

“सर,” मी म्हटलं, “हमारे यहाँ पत्नी पति का नाम ऐसे नहीं लेती. कविता में लेती है. उसे उखाणा कहते हैं.”

साहेबांची भुवई वर गेली.

“अब ये डिब्बा देखिए. इसका नाम है ‘नाव’.” मी झाकण उघडलं. आत थालीपीठं होती. “शुरू में हमने इसमें आपको रखा, स्वागत के लिए. फिर इसमें इनके पति को रखना था. लेकिन ताई ने रिवाज के मारे नाम लिखा ही नहीं. और मैंने मशीन से कह रखा था कि कोई कुछ न डाले, तो डिब्बे में जो पहले से है वही निकाल देना.” मी झाकण लावलं. “डिब्बा खाली नहीं था, सर. उसमें आप थे.”

आता मात्र कोणालाच आवरलं नाही. कमलताई पदराआडून हसत होत्या. गोविंदराव मागून ओरडले, “और मैं बाहर था, सर!” फक्त साहेब गंभीर होते. त्यांनी डब्याकडे बराच वेळ पाहिलं.

“मतलब,” ते सावकाश म्हणाले, “जब तक नया न डालो, पुराना ही निकलेगा?”

“जी सर.”

“तभी हमारे हर आदेश में पिछले साल के अधिकारी का नाम निकलता है.”

आणि ते हसले. आधी खांदे हलले, मग चष्मा काढावा लागला, मग शेजाऱ्याने पाणी दिलं. सगळ्या वर्गाला इतके दिवस जे कळत नव्हतं ते आज कळलं, असं मेघा मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. डिंडोरीहून आलेले एक वयस्कर मास्तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, की डब्याची ही गोष्ट मी परवाच आमच्या मुलांना सांगणार. ते ऐकून मला फार बरं वाटलं. खरं सांगतो, इतक्या वर्षांत संस्कृतच्या तासाला मला असं कोणी म्हटलं नव्हतं.

समारोपाला साहेब बोलायला उठले. आमचा गट पास झाल्याचं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. मी डोळे मिटून सुनंदाला आठवलं. मग ते म्हणाले, “मुझे बताया गया कि पोतनीस जी अतिशेष सूची में हैं. ये तो हद है. मैं आज ही इनका नाम कटवा रहा हूँ.” टाळ्या झाल्या. “और ऐसे शिक्षक को भोपाल की एक आठवीं कक्षा में बिठाए रखना, ये भी हद है. इन्हें तो पूरे प्रदेश में भेजना चाहिए!” त्याहून जोरात टाळ्या झाल्या. रघुवंशींनी शिट्टी फुंकली. सगळे माझ्याकडे पाहत होते, म्हणून मीही टाळ्या वाजवल्या.

आमच्या खात्यात रजेचा अर्ज मंजूर व्हायला ऋतू बदलतो, पण हा आदेश त्याच आठवड्यात आला. मी राज्याचा मुख्य प्रशिक्षक झालो होतो. पुढील आदेशापर्यंत जिल्ह्याजिल्ह्यात राहून शिक्षकांना पायथन शिकवायचं, सुरुवात अलीराजपूर. आठवीच्या कोडिंगचं काम भोपाळात रघुवंशींना मिळालं. कमलताईंनाही माझ्याबरोबर पाठवायचं घाटत होतं, पण त्यांनी गुडघ्यांचं दुखणं पुढे केलं. सदाशिवराव आदेश वाचून म्हणाले, “बढती आहे ही पोतनीस, शिष्टाचाराप्रमाणे तुम्ही पेढे द्यायला हवेत.” मी दिले.

सुनंदाने आदेश संध्याकाळी बँकेतून आल्यावर वाचला. पर्स खांद्यावर तशीच होती. तिने तो एकदा वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. मी म्हटलं, “लोक दुबईला जातात.” मग मला दिसलं, की तिचे डोळे भरले आहेत. मटार सोलताना ती मला धीर देत होती, आणि मी मूर्खासारखा रागावून बसलो होतो. मी तिच्या जवळ जाऊन उभा राहिलो. मग मी तिला हॉलमधली सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली; डबा, थालीपीठं, चतुर्वेदी साहेबांचं हसणं, डिंडोरीचे मास्तर, सगळं. ती मध्ये हसलीही. शेवटी तिने पदराने डोळे पुसले.

“अहो,” ती म्हणाली, “काय नडलं होतं इतकं छान समजावून सांगायला?”